जब्याचा दगड

शाळेत जाणारी मुलेमुली ज्यांच्या घरी आहेत, त्या आईवडिलांनी मुलांना जवळ बसवून पाहावा असा एक चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. २०१४ साली तो प्रदर्शित झाला. जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जब्याच्या घरी कैकाडी बोलतात. त्या बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. वर्गातली शालू जब्याला आवडते. ती आपल्याला वश व्हावी म्हणून तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, जीन्सच्या पॅन्टसाठी झुरतो. हे पाहताना आपण खूप हसतो. या वयातले वेडेपण कोणाला चुकले आहे?

पुढे गावातली डुकरे धरण्याचे काम जब्याच्या बापावर येते. सारे कुटुंब डुकरामागे धावते आणि शाळेतली मुले मजा बघत खिदळतात. जब्या लाजेने लपतो, बापाचा मार खातो. डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर पळून जाते! हसू येते, पण घशात अडकते. शेवटी बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई यांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीवरून ते डुक्कर बांधून नेले जाते. मग जब्या दगड भिरकावतो. तो थेट आपल्यावरच येतो.

ही गोष्ट फक्त खेड्यातली नाही. याच मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन काढले होते. आज घाटकोपर-मुलुंडच्या वस्तीतला मुलगाही मित्रांना आपली गल्ली सांगत नाही, वडील सफाई खात्यात आहेत हे लपवतो. त्याला आपली लाज वाटते असे समजून रागावू नका. वर्गात त्याला कोण हसते, ते आधी विचारा.

आणि दुसरा प्रश्नही विचारा, ‘तू कोणाला हसतोस?’ नवीन आलेल्या, तोतऱ्या, काळ्यासावळ्या किंवा फाटक्या दप्तराच्या मुलाला आपली मुलेही हसत असतील. जब्याचा दगड तेव्हा त्यांच्याकडेही येत असतो. चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करा आणि एवढे दोन प्रश्न मुलांशी जरूर बोला.