विश्लेषण : जुने संगीत नाटक नव्याने आले, की पहिल्या प्रयोगांची दाद किती खरी मानायची?

पुण्या-मुंबईत एखादे जुने संगीत नाटक नव्या संचात उभे राहिले, की त्याचा निकाल आता पहिल्या रात्रीच मोबाइलवर लागतो. कुणी म्हणते ‘अंगावर काटा आला’, कुणी म्हणते ‘पूर्वीची सर नाही’. सोबत दीड मिनिटाची, अंधारात घेतलेली तान. बारामती किंवा इंदापूरच्या रसिकापर्यंत ते नाटक पोहोचायला काही महिने लागतात, कधी ते पोहोचतच नाही. पण त्याचे मत मात्र त्याच रात्री पोहोचलेले असते. नाटक तालुक्याच्या गावी येणार की नाही, हेही बऱ्याच अंशी त्या मतावर ठरते. म्हणून पहिल्या प्रयोगांना मिळणारी दाद नेमकी कशाची असते, ती कोण देते आणि तिच्यामुळे नाटकात काय बदलते, हे पाहायला हवे.

मराठीत ‘प्रीव्ह्यू’ असतात का?

ब्रॉडवे किंवा लंडनच्या वेस्ट एंडला नाटकाचे अधिकृत उद्घाटन होण्याआधी काही आठवडे तिकीट लावून प्रयोग होतात. त्यांना प्रीव्ह्यू म्हणतात. या काळात गाणी कापली जातात, प्रवेश मागेपुढे होतात आणि समीक्षकांनी तोवर लिहू नये असा संकेत असतो. ‘स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क’ या संगीतिकेचे असे १८२ प्रयोग झाले. उद्घाटन लांबतच गेल्याने वैतागून न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी फेब्रुवारी २०११ मध्येच परीक्षणे छापून टाकली. पुढे दिग्दर्शिका बदलली, प्रयोग तीन आठवडे थांबवून नाटकाची फेरमांडणी झाली आणि जून २०११ मध्ये ते रीतसर सुरू झाले.

आपल्याकडे असा वेगळा टप्पा नाही. निमंत्रितांसमोर रंगीत तालीम होते आणि मग थेट शुभारंभ. त्यामुळे ब्रॉडवेवर प्रीव्ह्यूमध्ये होणारी काटछाट इथे पहिल्या पंधरा-वीस प्रयोगांत, पूर्ण दराचे तिकीट काढलेल्या प्रेक्षकांसमोर होते. पहिल्या प्रयोगाला गेलेला आणि पंचविसाव्या प्रयोगाला गेलेला प्रेक्षक एकाच नावाची पण थोडी वेगळी नाटके पाहतात. दोघांचे भांडण झाले तर दोघेही बरोबर असू शकतात.

गंमत अशी, की मराठी संगीत नाटकाचा जन्मच एका अर्थाने प्रीव्ह्यूत झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे फक्त पहिले चार अंक सादर केले. संपूर्ण नाटक नंतरच्या वर्षी रंगमंचावर आले. ‘संगीत सौभद्र’चेही तेच. नोव्हेंबर १८८२ मध्ये आधी तीन अंक, पूर्ण पाच अंक १८८३ मध्ये. प्रेक्षक काय घेतो, कुठे थकतो, कोणत्या पदाला थांबतो, हे पाहून पुढचे अंक उभे करण्याची मुभा त्यांना मिळाली. आजच्या निर्मात्याला ती मिळत नाही.

पुनरुज्जीवनाला वेगळा निकष का लागतो?

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे ठाऊक नसते. पुनरुज्जीवित संगीत नाटकाच्या पहिल्या प्रेक्षकाला बहुतेक सगळे ठाऊक असते. तो कथा ऐकायला आलेला नसून पदे पुन्हा भेटायला आलेला असतो. ऑर्गनवर सूर धरला जातो, पदाचे पहिले दोन शब्द येतात आणि टाळी पडते. ही टाळी समोरच्या गायकाला नसते. त्याने अजून काही केलेलेच नसते. ती ओळखीची टाळी आहे.

अशी टाळी खोटी नाही, पण ती नाटकाच्या प्रकृतीबद्दल काही सांगत नाही. खरी परीक्षा गद्यात होते. दोन पदांच्या मधला वीस मिनिटांचा प्रवेश सुरू असताना सभागृह किती शांत आहे, खुर्च्या करकरतात का, मोबाइलचे पडदे उजळतात का, मध्यंतरानंतर किती जागा रिकाम्या राहतात, याच्या चित्रफिती कुणी पाठवत नाही. निर्माता आणि व्यवस्थापक मात्र विंगेतून तेवढेच पाहत असतात.

दुसरी अडचण आठवणीची. ‘पूर्वीची सर नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी मूळ प्रयोग पाहिलेला नसतो. त्यांनी ऐकलेली असते ती ध्वनिमुद्रिका, आकाशवाणीवरचे पद किंवा घरातल्या थोरल्यांचे वर्णन. जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, म्हणून पद आटोपशीर आणि घोटून गायले जायचे. रंगमंचावर तेच पद दर रात्री वेगळे होई, वन्स मोअरने लांबे, कधी घसरेही. नव्या गायकाची तुलना अशा निवडक, निर्दोष क्षणाशी होते. त्या स्पर्धेत कुणीही हरेल.

‘कट्यार’ने हे कसे सोडवले?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने रंगमंचावर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. वसंतराव १९८३ मध्ये गेले. त्यानंतर खाँसाहेब म्हणून उभे राहणे म्हणजे तुलनेला आमंत्रणच होते.

सुबोध भावे यांनी २०१० मध्ये हे नाटक पुन्हा बसवले तेव्हा खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि सदाशिवच्या भूमिकेत अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे होते. ही निवड गायकीच्या जोरावर होतीच, पण प्रेक्षकाच्या मानसशास्त्राचाही त्यात विचार दिसतो. नातू आणि शिष्य समोर असले, की ‘मूळचे असे नव्हते’ ही तक्रार अर्धी बोथट होते. ऐकणारा तुलनेऐवजी वारसा शोधू लागतो. शिवाय नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या वारशाचा. ज्यांनी वसंतरावांना ऐकले होते ते पहिल्या प्रयोगांना आठवणीपोटी आले. नाटक पुढे चालले ते मात्र अशा तरुणांमुळे, ज्यांच्यासाठी राहुल देशपांडे हेच पहिले खाँसाहेब होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला आणि त्यातील गायनासाठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बारामती-इंदापूरच्या आजच्या विशी-पंचविशीतल्या प्रेक्षकाची ‘कट्यार’शी ओळख बहुधा त्या चित्रपटातूनच झालेली आहे. उद्या नाटक समोर आले, तर तो तुलना करील ती चित्रपटाशी.

पहिली प्रतिक्रिया नाटक थांबवूही शकते?

हो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण या भागाला परके नाही. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. रूढ अर्थाने ते संगीत नाटक नव्हे. पण कीर्तन, लावणी, अभंग आणि माणसांचा हलता पडदा यांवर उभे असलेले, भास्कर चंदावरकरांच्या संगीताशिवाय कल्पनाच करता न येणारे नाटक. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बारामती-इंदापूरच्या शेजारच्या दौंडला वैद्यकीय व्यवसाय करत होते. नाना फडणवीसांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे होते. हेच आगाशे २०१२ मध्ये बारामतीत भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

नाना फडणवीस आणि पुण्याच्या ब्राह्मणांचे चित्रण पाहून प्रेक्षकांतला एक वर्ग संतापला. १९ प्रयोगांनंतर ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ने नाटक थांबवले. कलाकार संस्थेतून बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अॅकॅडमी’ काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये तेच नाटक पुन्हा उभे केले. पुढे ते युरोपला गेले, अनेक भाषांत झाले. २०२५ मध्ये संजय मिश्रा यांना नानांच्या भूमिकेत घेऊन हिंदीत आले. पहिल्या १९ प्रयोगांची प्रतिक्रिया अंतिम मानली असती, तर हे काहीच झाले नसते. मात्र त्यावरून ‘पहिली प्रतिक्रिया नेहमी चूक’ असाही निष्कर्ष काढता येत नाही. संतापलेल्या प्रेक्षकाला नाटक नीट कळलेच होते. त्याला ते नको होते.

अमेरिकेतले ‘मेरिली वुई रोल अलाँग’ याच्या उलट टोकाचे. स्टीफन सॉन्डहाइम यांची ही संगीतिका १९८१ मध्ये उद्घाटनानंतर अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडली. प्रेक्षक रागावले नव्हते, गोंधळले होते. कथा शेवटाकडून सुरुवातीकडे जाते आणि कोण कोणाचे कोण, हे उमगेना. दुरुस्त्या होत होत ती २०२३ मध्ये ब्रॉडवेवर परतली आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम पुनरुज्जीवित संगीतिकेचा टोनी पुरस्कार घेऊन गेली.

बारामती-इंदापूरचा प्रेक्षक यात कुठे?

तालुक्याच्या गावी येणारे नाटक बहुतेकदा ठरावीक रकमेच्या करारावर येते. स्थानिक आयोजक, एखादे मंडळ किंवा संस्था निर्मात्याला रक्कम देते आणि तिकीटविक्रीचा किंवा प्रायोजकांचा धोका स्वतः घेते. संगीत नाटक इथेच अडते. चार पात्रांच्या विनोदी नाटकाला जेवढी माणसे लागतात, त्यावर ऑर्गन, तबला, प्रसंगी व्हायोलिन वाजवणारे साथीदार, गाणारे नट, भरजरी कपडेपट आणि तो सांभाळणारी माणसे. प्रत्येकाची ‘नाइट’, म्हणजे प्रयोगाचे मानधन, वेगळी. बस मोठी, मुक्कामाचा खर्च मोठा. पुण्यापासून बारामती सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूर सोलापूर महामार्गावर त्याहून पुढे. प्रयोग संपवून रात्रीच परतायचे तर पहाट होते. आयोजक स्वाभाविकच आधी विचारतो, ‘पुण्यात कसं चाललंय?’ उत्तर त्याला मोबाइलवरून मिळते, आणि ते मुख्यतः पुण्याच्या जाणत्या श्रोत्याचे असते.

हा श्रोता आणि इथला श्रोता यांची गाण्याशी असलेली नाती वेगळी आहेत. बारामती ही कविवर्य मोरोपंतांची कर्मभूमी; त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. अभंगाची चाल इथे लहानपणीच कानावर पडते. पलीकडे दौंड तालुक्यात चौफुल्याची संगीत बारी, गावोगावच्या जत्रांत तमाशाचा वग. गाण्यातून गोष्ट पुढे नेण्याची रीत या प्रेक्षकाला शिकवावी लागत नाही. त्याला अपरिचित असते ती संस्कृतप्रचुर पदांची भाषा आणि एकाच पदावर दहा मिनिटे थांबण्याची सवय. वगात गाणे गोष्टीला ढकलते. ख्यालाच्या अंगाने रंगवलेले नाट्यपद गोष्टीला थांबवते. ‘तालुक्यात चालत नाही’ असा शेरा मारून मोकळे होण्याआधी हा फरक कुणी मोजलेला नसतो.

‘संगीत देवबाभळी’ (२०१७) पाहिले तर हे स्पष्ट होते. प्राजक्त देशमुख यांचे हे नाटक नवे, पुनरुज्जीवन नव्हे. आधी एकांकिका म्हणून प्रेक्षकांसमोर तावून सुलाखून निघाले, मग दोन अंकी झाले. पात्रे दोनच, तुकोबांची आवली आणि रखुमाई. भाषा वारीच्या वाटेवरची. सौभद्र-मानापमानाचा संस्कार नसलेल्या प्रेक्षकानेही ते आपले मानले, कारण ओळखीची टाळी त्यात नाट्यपदाला नव्हे, अभंगाच्या बोलीला होती.

मग काटछाट कुणासाठी?

‘शाकुंतल’मध्ये सुमारे दोनशे पदे होती. आज तेवढी कुणी गात नाही, गाऊही नयेत. प्रश्न उरतो कोणती ठेवायची. पहिल्या प्रयोगांची दाद पाहून निर्णय झाला, तर गाजलेली पदे राहतात आणि त्यांना जोडणारी छोटी, कथेची पदे जातात. दर्दी प्रेक्षक खूश होतो, पण नाटकाची मैफल होते. तीच आवृत्ती पुढे बारामतीला आली, की कथा पहिल्यांदाच पाहणाऱ्याला दुवे सापडत नाहीत. तो मध्यंतरात चहाच्या कपाशी ‘गाणी छान, पण काय चाललंय?’ म्हणतो. आयोजक तोट्यात जातो आणि पुढच्या वर्षी संगीत नाटकाचे नाव काढत नाही. नाटक पुण्याच्या टाळीने घडले आणि तिच्यामुळेच इथे पडले, हा हिशेब कुणाच्याच वहीत येत नाही.

निर्मात्यांना यावर एक उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. शुभारंभ पुण्या-मुंबईत करण्याआधी दोन-चार प्रयोग लहान शहरांत, स्वस्त तिकिटात, ‘अजून घडते आहे’ असे स्पष्ट सांगून करायचे. अमेरिकेतली नाटके ब्रॉडवेला जाण्याआधी दशकानुदशके बॉस्टन, न्यू हेवनसारख्या शहरांत अशीच पारखली जात. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे गदिमा सभागृह आहे, नाट्य संमेलन भरवण्याचा अनुभव आहे, महाविद्यालयीन प्रेक्षकही आहे. अडचण खर्चाची: अर्धवट नाटकाला प्रायोजक मिळणे कठीण, आणि पहिल्याच प्रयोगाची चित्रफीत बाहेर गेली तर ‘घडते आहे’ हे सांगायला कुणी थांबत नाही.

प्रेक्षकाने मोबाइलवर काय वाचावे?

पहिल्या आठवड्यातल्या संदेशांत ‘कोण कसे गायले’ हे भरपूर असते. उपयोगाचे असते ते वेगळे. प्रयोग किती तासांचा झाला, मध्यंतरानंतर पकड टिकली का, सोबत नेलेल्या मुलाला किंवा आईला कथा कळली का, साथ प्रत्यक्ष वाजते की ध्वनिमुद्रित ट्रॅकवर. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. ट्रॅकवर खर्च वाचतो आणि दौरा परवडतो; पण वन्स मोअर आला तर ट्रॅक थांबत नाही. दौऱ्यावर निघालेल्या संगीत नाटकाची इंदापूरच्या आयोजकाशी घासाघीस होते, तेव्हा सर्वांत आधी कमी होतात ते साथीदारच.