नऊ बार आणि खाडीचा उजेड

रबाळ्यात राहून लँडस्केप फोटोग्राफी करायची म्हटलं की लोक एमआयडीसीच्या धुराड्यांकडे बोट दाखवतात. दाखवोत बापडे! पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. एवढं दाराशी असताना लोणावळा कशाला गाठायचा? फक्त सूर्याचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. सकाळी तो डोंगराआडून वर येतो, त्यामुळे खाडीवर थेट ऊन पडायला अंमळ उशीरच. तो वेळ एस्प्रेसोचा. चिकमगळूरच्या बिया, ताजी दळलेली १८ ग्रॅम पूड, ९ बारचा दाब. पंप घुरघुरतो, आधी दोन-चार काळे थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी बारीक तपकिरी धार. २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम उतरली की जमलं. धार भसकन आली तर कॉफी आंबट, अडखळली तर कडू. दळण जाड-बारीक करायचं. पावसाळ्यात तर कालचं दळण आज चालेलच असं नाही. खाडीचंही तसंच, भरती-ओहोटी पाहूनच निघायचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी चरतात. २०१५ साली इथे अभयारण्य झालं, २०२२ साली पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जाही मिळाला. फ्रेममध्ये उच्चदाबाचे मनोरे येतातच. काहीजण ते संगणकावर पुसून टाकतात. मला ते पटत नाही. मनोरे काढले तर ती खाडी आपली कशी वाटणार? जुलैत संध्याकाळी पाऊस उघडला तर मात्र खाडीकडे पाठ करावी. मावळतीचं ऊन तेव्हा पारसिकच्या हिरव्या अंगावर पडतं, आणि त्यापुढे दुसरा कप गार झाला तरी चालतो.