कुडकुडा आणि बारीक व्हा!

चरबीनेच चरबी जाळायची आणि आपण लोळत पडायचं! आळशांच्या शतकाला याहून लाडका शोध कुठला मिळणार? शोधाचं नाव तपकिरी चरबी. पांढरी साठवते, ही जाळते. हिच्या पेशींत लोहयुक्त मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले, म्हणून हा रंग. आणि यूसीपी-१ नावाचं प्रथिन ऊर्जा कामाला न लावता सरळ उष्णतेत उधळतं. तान्ह्या बाळांना तिची ऊब लागते. मोठ्यांत ती नावापुरतीच उरते, असं वैद्यकशास्त्र वर्षानुवर्षं ठणकावत होतं.

मौज अशी, की त्याच काळात पेट-स्कॅनमध्ये रुग्णांच्या मानेत काहीतरी चमकत होतं. मग? रुग्णाला पांघरूण द्या, प्रसंगी गुंगीची गोळी द्या. चमक गायब, विद्वत्ता शाबूत! २००९ साली बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कूच्या संशोधकांनी एकाच नियतकालिकात जाहीर केलं, की हीच ती तपकिरी चरबी. कालची कटकट आज संजीवनी झाली आणि बर्फाच्या टबांचे प्रेषित अवतरले.

या प्रेषितांनी ते निबंध वाचलेत? छे, वाचण्यापेक्षा कुडकुडणं सोपं. मास्ट्रिख्टमध्ये १६ अंशांच्या गारव्यात २४ पैकी २३ तरुणांत ती कामाला लागलेली दिसली खरी, पण जाड्यांत कमी. म्हणजे ज्याला हवी त्याच्याकडे तुटवडा, आणि जिच्याकडे भरपूर ती स्वारी आधीच सडपातळ! दात आहेत तर चणे नाहीत. शिवाय ती कमी म्हणून माणूस फुगला, की फुगलेल्याला अंगचीच गोधडी असल्यामुळे ती निवृत्त झाली? असले कार्यकारणभावाचे क्षुद्र प्रश्न टबात बसून सुचत नाहीत.

मग पुढे केला जातो उंदीर. त्या बिचाऱ्याला सुखाचं तापमान लागतं साधारण ३० अंश; प्रयोगशाळा त्याला ठेवते बाविसाच्या आसपास. तो जन्मभर गारठलेला, त्याची तपकिरी चरबी चोवीस तास राबणारच. आपण काय करतो? स्वेटर घालतो.

औषध? तेही झालं. २०१५ साली १२ तरुणांना मूत्राशयाचं मिराबेग्रॉन दिलं, नेहमीच्या ५० ऐवजी २०० मिलिग्रॅम. खर्च वाढला दिवसाला सुमारे २०० कॅलरींच्या दराने. बरोबर हृदयाचे ठोकेही वाढले. एका वडापावाचा हिशेब चुकता करायला काळजाला पळवायचं!

आणि आपल्यासाठी खास खबर: नेदरलँड्समध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत गोऱ्या तरुणांपेक्षा ही चरबी सुमारे एक तृतीयांश कमी भरली. अभ्यास छोटा, मान्य. पण पुण्या-मुंबईत दात वाजवत बसलेल्यांनी निदान तेवढा तरी वाचावा.

बर्फात बसून व्हिडिओ काढायला माझी ना नाही, हौसेला मोल नसतं. फक्त बाहेर आल्यावर कडकडून भूक लागली की ताटात काय काय वाढून घेता, तेही त्याच व्हिडिओत दाखवा.