दहा राग आणि विस्मरणात गेलेला वादक



भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटालाही ताल असतो, हे माग चालविणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण यंत्रातून राग निघेल काय? याचे उत्तर मुंबईच्याच एका वादकाने १९८२ साली दिले.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले गिटार व की-बोर्ड वादक. अशा वादकांचे नाव श्रोत्यांपर्यंत सहसा पोहोचत नसे. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये मिळविली : ताल देणारे टीआर-८०८, बेसचे टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. टीबी-३०३ वर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येते, आपल्या मींडेसारखेच. या वाद्यांवर त्यांनी भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसविले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण ती खपली नाही.

पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच टीबी-३०३ वर रेकॉर्ड काढली. त्यातून 'ॲसिड हाऊस' हा नवा प्रकार जगभर गाजला. २०१० साली नेदरलँडमधून चरणजित सिंगांची जुनी रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा रसिक थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हाच बाज! मग उतारवयात त्यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते मुंबईत वारले.

अठ्ठावीस वर्षे ही कला अंधारात राहिली. उजेडात आली ती रेकॉर्डची प्रत टिकली आणि तिच्यावर वादकाचे नाव होते म्हणून.

आता आपल्या घरात पाहा. भीमगीतांच्या जुन्या कॅसेट ट्रंकेत पडल्या असतील. वेष्टनावर गायकाचे नाव आहे. ढोलकी, की-बोर्ड, ऑक्टोपॅड कोणी वाजविला? आजी-आजोबांना ठाऊक असेल, तोवर विचारून वहीत लिहून ठेवा. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्या समाजाला नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि माता-भगिनींनो, मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर सूर जुळवीत बसली तर एकदम रागावू नका. आधी सरगम पक्की करायला सांगा. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले. त्यात वाद्यही आले. यंत्र कोणाचेही असो, त्यातून काढलेला सूर आपला असतो.