मॉस्को, अलामेन आणि पालघरची कचेरी

१४ ऑगस्ट १९४२. चर्चिल त्या दिवशी मॉस्कोत होते, स्टालिनची समजूत काढायला. यंदा युरोपात दुसरी आघाडी उघडत नाही, हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं. आदल्याच दिवशी इजिप्तच्या वाळवंटात, अलामेनपाशी, माँटगोमेरीने आठव्या सेनेची सूत्रं हातात घेतली होती. जर्मन फौजा स्टालिनग्राडच्या रोखाने सरकत होत्या. आणि इकडे पालघरात कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांच्या बंदुका चालल्या. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे आणि रामप्रसाद तिवारी, असे पाच जण गेले.

सूर्या नदीकाठच्या मासवणमधलं पोर दहावीपर्यंत या दोन्ही गोष्टी शिकतं, पण वेगवेगळ्या धड्यांत. महायुद्ध एका धड्यात, बेचाळीसचा लढा दुसऱ्यात, मधे चाचणी परीक्षा. जर्मन सेनापती रोमेलला वाळवंटातला कोल्हा म्हणत, हे त्याला पाठ असतं. आपल्याच तालुक्यातला गोळीबार त्याच युद्धाच्या ऐन भरात झाला, हे मात्र त्याला कुणी जोडून दाखवत नाही. पालघरच्या हुतात्मा स्तंभावर दर वर्षी हार चढतात, भाषणं होतात. त्यांतही युद्धाचं नाव क्वचितच निघतं.

खरं तर बेचाळीसचा तो उन्हाळा युद्धानेच तापवला होता. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स आले आणि रिकाम्या हाताने परतले. बंगालच्या किनाऱ्यावर तर सरकारने कमालच केली. जपानी उतरलेच तर त्यांच्या हाती काही लागू नये, म्हणून कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. कागदावर ती रणनीती होती. सातपाटी-मुरब्याच्या माणसाला होडी मोडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सिंगापूर ज्याला राखता आलं नाही ते राज्य आपलं काय रक्षण करणार, हा प्रश्न त्या वर्षी मुंबईच्या सभेत होता तसाच बंदरावरही असणार.

८ ऑगस्टच्या रात्री गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे गांधीजी पकडले गेले. सहाव्या दिवशी पालघर पेटलं होतं.

या लढ्याचा युद्धावर परिणाम झाला का? झाला, आणि तो मोजताही येतो. हिंदुस्थानचे सरसेनापती वेव्हेल यांना जपान्यांविरुद्धच्या तयारीतून बटालियन काढून देशभरच्या बंदोबस्ताला लावाव्या लागल्या. त्या होत्या ५७. फौजेचं प्रशिक्षण त्यामुळे रखडलं. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना तारेने कळवलं, की १८५७ नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि लष्करी सुरक्षेसाठी त्याची खरी व्याप्ती आम्ही जगापासून दडवली आहे. त्यांनी ती दडवली त्याला निदान कारण होतं, शत्रू दाराशी होता. आपण हे दोन धडे अजून वेगळे ठेवतो, त्याला कसलंच कारण नाही.

जोडून शिकवायचं, तर अडचणीच्या गोष्टीही येणार. त्याच काळात मराठी पोरं ब्रिटिशांच्या वर्दीत लढत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. दुसरीकडे, कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणत बेचाळीसच्या लढ्याला विरोध केला. पण मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीत वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगारीविरुद्ध आदिवासी उभे राहिले, ते गोदावरी परुळेकरांसारख्या त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने. कुणाला हुतात्मा म्हणायचं आणि कुणाला फितूर, याचे सोपे शिक्के इथे चालत नाहीत. बहुधा म्हणूनच आपल्याला अलामेन परवडतं. तिथले नायक लांबचे, त्यांच्यावरून गावात भांडण होत नाही.

करायचं काय, ते फार खर्चाचं नाही. १४ ऑगस्टला मासवणच्या, बोईसरच्या, सातपाटीच्या वर्गात जगाचा नकाशा फळ्यावर लावावा. मॉस्को, अलामेन, स्टालिनग्राड यांवर खुणा कराव्यात आणि त्याच रंगाच्या खडूने एक खूण पालघरवर. मग मुलांना घरी विचारून यायला सांगावं, की त्या मोर्चाला आपल्या गावातून कोण कोण गेलं होतं. ज्यांनी तो पाहिला ती माणसं आता जवळजवळ संपली, पण त्यांच्याकडून ऐकलेले आजी-आजोबा अजून ओट्यावर बसलेले आहेत.