विषशोधन आणि धनुर्वाताची लस

शेतात पायाला फाळ लागलेला एक रुग्ण मध्यंतरी चिकित्सालयात आला. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का, असे विचारता तो म्हणाला, ‘‘वैद्यबुवा, ती लस विषापासून करतात म्हणे, आयुर्वेदात ती चालत नाही ना?’’ हे त्याला आपल्याच एका व्यवसायबंधूने सांगितले होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

लस विषापासून करतात, हे खरेच आहे. धनुर्वाताच्या विषाविरुद्ध प्राण्यांच्या रक्तरसात प्रतिविष निर्माण होते, हे बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये दाखविले. पुढे १९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गास्ताँ रामाँ यांनी घटसर्पाच्या जीवाणुविषात अल्प फॉर्मालिन मिसळून ते काही आठवडे उबेत ठेवले. विषाची मारकता गेली. परंतु शरीरास ओळख पटावी इतके त्याचे रूप टिकले. हेच टॉक्सॉइड. धनुर्वाताची लसही याच मार्गाने सिद्ध होते.

वत्सनाभ गोमूत्रात शुद्ध करणाऱ्या वैद्यास ही कल्पना परकी वाटू नये. मात्र ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणेही योग्य नव्हे. वत्सनाभाच्या शोधनात ॲकोनिटिनचे विघटन होऊन सौम्य द्रव्ये बनतात आणि शोधित द्रव्य औषध म्हणून योजिले जाते. टॉक्सॉइड रोग बरा करीत नाही. ते शरीरास शत्रूची आगाऊ ओळख करून देते. शिवाय त्यात विष शिल्लक नाही ना, ते पुन्हा जागृत होत नाही ना, याची कसून परीक्षा होते. आपल्या शोधित द्रव्यांची अशी परीक्षा आपण कितीजण करतो?

अभिघातजन्य व गर्भपातजन्य अपतानक असाध्य, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट नोंदविले आहे. धनुर्वात होऊन गेला तरी त्यापासून संरक्षण मिळत नाही; कारण रोगकारक विषाची मात्रा इतकी अल्प असते की शरीरास तिची जाण होत नाही. जे रोगाने साधत नाही, ते लसीने साधते. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. त्यात सुरक्षित प्रसूतीइतकाच गर्भिणींच्या लसीकरणाचाही वाटा आहे.

त्या रुग्णाचा व्रण धुऊन त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले. असाध्यास असाध्य म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपल्या आचार्यांनी दाखविला. त्यावर प्रतिबंध उपलब्ध असता रुग्णास त्यापासून परावृत्त करणे हा आयुर्वेदाचा अभिमान नव्हे, असे नम्रपणे वाटते.