हातोडा पडल्यानंतरचा आक्षेप काय कामाचा?

संपादक महोदय,

बाकूच्या २०२४ च्या हवामान परिषदेत भारताने श्रीमंत देशांना खडे बोल सुनावले म्हणून आपल्या अग्रलेखात जे कौतुक झाले, ते वाचून गप्प बसवले नाही. अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार चांदनी रैना जे बोलल्या त्यातला शब्दनशब्द खरा होता. विकसनशील देशांसाठी वर्षाला तीनशे अब्ज डॉलरच्या हवामान निधीचा आकडा तुटपुंजा आहे आणि तोसुद्धा २०३५ पर्यंत गाठायचा आहे. पण त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा अध्यक्ष मुख्तार बाबायेव यांचा हातोडा पडून गेला होता, ठराव संमत झाला होता. बोलिव्हिया, क्युबा, नायजेरिया यांनीही तीव्र नापसंती नोंदवली. त्याने ठरावातले एक अक्षर बदलले नाही. आक्षेप हातोड्याच्या आधी घेतला तर काय होते, हे २००९ मध्ये कोपनहेगनला दिसले होते. तुवालू, बोलिव्हिया, व्हेनेझुएला आणि सुदान अडून बसले, म्हणून तिथल्या करारनाम्याची परिषदेने फक्त ‘नोंद घेतली’, तो स्वीकारला नाही. मग कौतुक नेमके कशाचे करायचे?

विकसनशील देशांनी वर्षाला तेराशे अब्ज मागितले आणि तीनशे मिळाले, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. २००९ मध्ये श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच ओईसीडी या संघटनेच्या हिशेबाने ते २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा पुरे झाले, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा होता. आताचे तीनशे सरकारी तिजोरीतून आले काय, विकास बँकांकडून आले काय किंवा खासगी गुंतवणुकीतून आले काय, सगळे चालणार आहेत. महागाई वर्षाला तीन टक्केच धरली तरी २०३५ मधले तीनशे अब्ज २०२४ मधल्या २१७ अब्जांच्या आसपास भरतात. उरलेल्या हजार अब्जांसाठी ‘सर्व घटकांना’ आवाहन केले आहे. आवाहन कुणावरच बंधनकारक नसते.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्याकडे सरळ ‘श्रीमंतांची लबाडी’ असे दिले जाते. लबाडी आहेच. पण युरोपीय संघाचे डावपेच पाहा. त्यांच्या पर्यावरणमंत्र्यांनी ऑक्टोबरमध्येच लेखी भूमिका मंजूर करून जाहीर केली. २७ देश बाकूत एका तोंडाने बोलले आणि त्या तोंडाने शेवटच्या दिवसांपर्यंत आकडा उच्चारला नाही, फक्त चीन आणि आखाती देशांनीही पैसे द्यावेत एवढेच लावून धरले. आपल्या बाजूला काय होते? जी-७७ आणि चीन या १३० हून अधिक देशांच्या गटाचा सामाईक आकडा तेराशेचा. आत मात्र अरब गटाचे ४४१ अब्ज अनुदानाचे गणित वेगळे, अल्पविकसित देशांची २२० अब्जांची मागणी वेगळी, छोट्या बेटांच्या आघाडीची ३९ अब्जांची वेगळी. शेवटच्या टप्प्यात सरकारी निधीसाठी पाचशे अब्जांची चर्चा सुरू झाली, आणि ब्राझीलच्या मंत्री मरीना सिल्वा यांनी २०३० पर्यंत ३०० व २०३५ पर्यंत ३९० अब्ज असा आकडा जाहीरपणे मांडला. समोरचा गप्प आणि आपण एकामागून एक आकडे खाली आणतो, तर २५० चा पहिला मसुदा ३०० वर येऊन थांबला यात नवल नाही.

माझे म्हणणे असे की बाकूची बाजी शेवटच्या रात्री हरली नाही, ती घरातच आधी हरली होती. २३ नोव्हेंबरला अल्पविकसित देश आणि बेटांचे गट बैठकीतून उठून गेले. आपल्यासाठी राखीव वाटा असावा ही त्यांची मागणी होती आणि ती जी-७७ मधल्याच इतर देशांना मान्य नव्हती. त्या दोन गटांच्या मागण्यांची बेरीज २५९ अब्ज होते. काही देश दोन्ही गटांत आहेत, पण ढोबळ हिशेबाला तेवढे पुरे. तेराशेतून २५९ दिले तर इतरांना हजारावर उरतात. तीनशेतून दिले तर ४१ उरतात. एकूण रक्कम लहान असली की भाऊबंदकी होणारच. म्हणूनच भारताने परिषदेच्या कितीतरी आधी पुढे होऊन म्हणायला हवे होते की रक्कम कितीही ठरो, तिचा पाचवा हिस्सा बेटांचा आणि अल्पविकसित देशांचा. तेराशेचा पाचवा हिस्सा २६० होतो, म्हणजे त्यांची मागणी पूर्ण. तीनशेचा पाचवा हिस्सा साठच. मग तेराशेसाठी शेवटपर्यंत झगडणे ही त्यांचीही गरज झाली असती आणि वाट्यासाठी उठून जाण्याचे कारण उरले नसते. उठून गेलेल्या त्या गटांमध्ये बांगलादेश, नेपाळ आणि मालदीव आहेत. आपले शेजारी एका खोलीत, आपण दुसऱ्या खोलीत, ही स्थिती मला रैना यांच्या भाषणापेक्षा जास्त बोलकी वाटते.

यावर म्हटले जाईल की सौदी अरेबिया आणि मालदीव यांचे हितसंबंध कधी एक होणार? सगळ्या बाबतींत होणार नाहीत. एका मागणीपुरते होऊ शकतात, हे २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत सिद्ध झाले. हवामान बदलाने झालेल्या हानीच्या भरपाईचा विषय वानुआतूने १९९१ मध्ये मांडला होता, तीस वर्षे तो टोलवला गेला. पुराने उद्ध्वस्त झालेला पाकिस्तान त्या वर्षी जी-७७ चा अध्यक्ष होता. संपूर्ण गट त्या एकाच मागणीवर अडून राहिला आणि निधी स्थापन झाला. त्यात जमलेला पैसा नगण्य आहे हे खरे, पण दार उघडले ते एकीमुळेच. शेजाऱ्यांशी संबंध बिघडलेले असताना हे कसे जमणार, हा आक्षेपही इथेच निकालात निघतो. भारत आणि पाकिस्तान तेव्हाही मित्र नव्हते, तरी त्या मागणीमागे एकत्र होते. त्याच्याही आधी, शाश्वत विकास उद्दिष्टांचा मसुदा २०१३-१४ मध्ये तयार झाला तेव्हा कार्यगटाच्या तीस जागांपैकी एक जागा भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी वाटून घेतली होती.

दुसरा युक्तिवाद व्यवहारी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ट्रम्प निवडून आले, तेव्हा मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. पण २०३५ च्या वचनात पदरात पडण्यासारखे आज काही नाही, पडला आहे तो पुढची दहा वर्षे आपल्याला दाखवला जाणारा आकडा. अडून राहिल्याने काय साधते, हे पाहायचे तर आफ्रिकी गटाकडे पाहा. आंतरराष्ट्रीय करांचे नियम ओईसीडीऐवजी संयुक्त राष्ट्रांत ठरावेत, ही त्यांची मागणी श्रीमंतांना मुळीच नको होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरावाच्या बाजूने १२५ आणि विरोधात ४८ मते पडली, त्या ४८ मध्ये युरोपीय संघाचे देश होते. ऑगस्ट २०२४ मध्ये या नियमांच्या चौकटीचा मसुदा मतदानास आला तेव्हा विरोधक आठच उरले आणि ४४ जण तटस्थ झाले. हवामान परिषदेत मतदान होत नाही, सहमती लागते, हा फरक मला मान्य आहे. पण सहमती लागते म्हणूनच एकसंध गटाचा नकार तिथे अधिक वजनदार ठरायला हवा.

जाता जाता आणखी एक सांगतो. महाराष्ट्र विधानसभेचे निकाल त्याच २३ तारखेला लागले, त्यामुळे बाकूला जागा कमी मिळाली हे समजू शकते. मात्र संसदेचे अधिवेशन २५ तारखेला सुरू होऊन पहिला आठवडा गोंधळात वाहून गेला, आणि पावसावर जगणाऱ्या देशाच्या प्रतिनिधींनी काय मागितले, काय सोडले, हे कुणाला विचारावेसे वाटले नाही, याचा संताप येतो. युरोपची भूमिका महिनाभर आधी वाचायला मिळते. आपली आपल्याला शेवटच्या भाषणातून कळते.

नोव्हेंबर २०२५ मधील बेलेमच्या परिषदेपर्यंत तेराशे अब्जांचा आराखडा तयार व्हायचा होता आणि त्याआधी जूनमध्ये बॉनची बैठक होती. तत्पूर्वी आपले वाटाघाटीकार ढाका, काठमांडू आणि माले इथे गेले होते का, आणि पाचव्या हिश्श्याच्या प्रश्नावर भारताचे काय म्हणणे आहे, हे आपण सरकारला विचारावे आणि मिळेल ते उत्तर पहिल्या पानावर छापावे.

– एक वाचक, सांगली